खाली कुलूप, वर आम्ही

एप्रिल सरत आला की दत्तनगरात
घरं एक मजला वर सरकतात.
गाद्या, चादरी, मच्छरदाणीच्या काठ्या,
नात, नातीची एका डोळ्याची बाहुली,
आणि सगळ्यांत शेवटी मी, कंबरेला किल्ली खोचून.
खाली पत्र्याची भट्टी. भिंतीला टेकलं
तर पाठीची भाकरी होते, कडक.

त्या रात्री पाणी येणार नव्हतं,
हे आधी सांगायला हवं.
पाण्याच्या रात्री चोर फिरकत नाही आमच्याकडं.
दोन वाजता नळ खोकतो अन् अख्खी गल्ली
बादल्या घेऊन उभी. मोटारी घरघरतात,
कुणाचा पाइप कुणाच्या दारातून गेला
यावरून तेलुगूत सुरू झालेलं भांडण
मराठीत संपतं.
गस्तीच्या गाडीला जमत नाही ते
चार दिवसांनी येणारं पाणी करतं.
मधल्या रात्री मात्र कुणाच्याच नसतात.

पूर्वी त्या मागांच्या होत्या.
नरसय्या चिलवेरीच्या कारखान्यात रात्रपाळी,
खटक् खट, खटक् खट,
त्यावरच झोप लागायची आम्हाला.
माग थांबला की गल्ली जागी व्हायची:
लाइट गेली? सूत तुटलं? कोण आलं?
आता तिथं मंडपवाल्याचं सामान असतं.
शांततेनं आता कुणी दचकत नाही.

तीनच्या सुमारास आला असेल.
कुलूप तोडलं नाही त्यानं.
कोयंड्याचे चार स्क्रू काढले
अन् उंबऱ्यावर ओळीनं मांडून ठेवले.
कुलूप तसंच, बंद,
कडी-कोयंड्याला इमानानं धरून
दाराच्या कडेला लोंबत होतं.
माझी किल्ली कंबरेलाच.

गंठण गेलं, दीड तोळ्याचं.
तांदळाच्या डब्यातले विड्यांचे पैसे गेले.
तांदळाचा डबा! आम्हा बायकांना वाटतं
ते आपलं एकटीचं गुपित आहे.
माठातलं पाणी प्याला तो.
आणि झाकण परत नीट बसवून गेला.

तेवढ्यानं माझे हातपाय गळाले.
बाहेरगावचा असता तर उघडा टाकून गेला असता.
पाणी झाकून ठेवणारा इथलाच कुणीतरी,
ज्याच्या घरीही चार दिवस पुरवावं लागतं.
तेव्हापासून नळावर उभी राहते
तेव्हा मी लोकांचे चेहरे बघत नाही,
हात बघते.
वाईट सवय आहे. जाईल.

पंचनाम्याला आलेला पोरगा म्हणाला,
"मावशी, गच्चीवर झोपताच कशाला?"
म्हटलं, "तुम्ही कुठं झोपता हो साहेब?"
त्यानं टोपी काढली, घाम पुसला.
"गच्चीवरच," म्हणाला.

भिवंडीहून श्रीनिवासचा फोन.
"कॅमेरा बसवू आई, मी इथून घर बघत जाईन."
बघ बाबा, म्हटलं.
तेवढ्या निमित्तानं तरी बघशील.

कॅमेरा येईल तेव्हा येईल.
मी आधी सुताराला बोलावलं,
स्क्रू काढून आरपार बोल्ट मारले, नट आतून.
शेजारच्या अंबव्वालाही मारायला लावले,
तिच्या पलीकडच्या शेखांच्या घरीही.
पैसे डब्यातून हलवले. कुठं, ते सांगणार नाही.
आणि कपाटामागं यांचं जुनं सूत होतं,
चादरीचं, वीस नंबरी, अजून तुटत नाही.
ते कडीला बांधलं, खिडकीतून वर घेतलं,
गच्चीच्या कठड्यावरून आणून
उशाशी स्टीलच्या तांब्याला.
नात म्हणते, आजी, घराला पतंगासारखं धरलंयस.

काल रात्री तांब्या वाजला.
मी उठले, अंबव्वा उठली,
शेखांचा रियाज काठी घेऊन कठड्यावर आला,
तीन गच्च्यांवरून तीन बॅटऱ्या खाली.
कुणी नव्हतं. सूत हलत होतं नुसतं.
पुन्हा हललं, तेव्हा गालाला लागलं:
वारा.
एप्रिलात, सोलापुरात, वारा!
बॅटऱ्या विझवल्या,
पण परत आडवं कुणीच झालं नाही.